गरिबी बघायला आलेली पाहुणी

पासो ताकुआरी,
फेब्रुवारीचा दुसरा रविवार, भर दुपार

आदरणीय लिंदाताई,

धाकट्या भावाचा, एलिओदोरोचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या मालकीणबाईंची कशी आहे? आणि त्यांच्या त्या लाडक्या कुत्र्याची? (खरं तर कुत्र्याची चौकशी आधी करायला हवी होती. त्या घरात मान कुणाला आहे, ते तुझ्या मागच्या पत्रावरून कळलं.) ब्वेनोस आयरेसमध्ये उकाडा जरा कमी असेल. इकडे इतकं उकडतंय की परवाच्या मिरवणुकीत संत ब्लासनंसुद्धा कपाळ पुसलं असतं, पण त्याचे दोन्ही हात लाकडाचे. बाकी सगळे खुशाल आहेत. म्हणजे जे मेले नाहीत ते. तुझी भावजय लिब्रादा रोज तुझी आठवण काढते. भांडी घासताना काढते, त्यामुळे शब्द नीट ऐकू येत नाहीत, पण भावना प्रेमाचीच असावी.

फोन करायचा सोडून हा भाऊ पत्र का लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. तर फोन सध्या आगापितोच्या घरी लपवून ठेवला आहे. तू फोन केलास तर तो उचलेल आणि माझा आवाज काढून बोलेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस, विशेषतः त्यानं काही पाठवायला सांगितलं तर. फोन लपवायची वेळ का आली, हे सांगण्यासाठीच हे पत्र. थोडं लांबेल. कुत्रं झोपलं की वाच.

तुला माहीतच आहे, गेल्या ऑक्टोबरात मला पासष्ट पूर्ण झाली. (तू केक पाठवलास. माझा वाढदिवस सीमेवरच्या कस्टमवाल्यांनी थाटात साजरा केला म्हणे.) पासष्टी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्याला सरकार दर महिन्याला पेन्शन देतं. टीव्हीवर मंत्रीसाहेब नेहमी सांगतात की वडीलधारी माणसं हा देशाचा खजिना आहे. खजिना म्हटल्यावर तो पुरून ठेवायची घाई का, एवढाच माझा प्रश्न आहे. पण पेन्शनसाठी नुसतं म्हातारं होऊन चालत नाही, ते तर कोणीही होतं. गरीब असावं लागतं. आणि नुसतं असूनही भागत नाही, तसं दिसावं लागतं. त्यासाठी खात्याचं माणूस घरी येतं, आपल्या खुर्च्या, भांडी, छप्पर डोळ्यांनी बघतं, शेजाऱ्याला विचारतं, आणि मग वर कळवतं की हा गृहस्थ खरंच गरीब आहे की उगाच वेश करून बसलाय. आपण तर जन्मापासून गरीब. पण परीक्षा घ्यायला कोणी येणार म्हटलं की आयुष्यभर केलेला अभ्यासही आठवेनासा होतो.

मला स्वतःला पेन्शनची हाव नाही. उसाच्या गाड्या भरून भरून कंबर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी माझ्या गरजा फार कमी केल्यात: सकाळी थंड पाण्यातलं तेरेरे, दुपारची झोप, संध्याकाळी फुटबॉल (बघायचा). प्रश्न लिब्रादाचा आहे. ती पहाटे उठून चिपा, ते आपले चीजचे छोटे पाव, भाजते, टोपली डोक्यावर घेते आणि हायवेच्या थांब्यावर जाते. बस आली की वर चढायचं, "गरम चिपा, गरम चिपा" करत मागच्या सीटपर्यंत जायचं, पुढच्या थांब्याला उतरायचं आणि समोरून येणाऱ्या बसनं परत. तिचे गुडघे आता त्या बसच्या पायरीला भितात. मागच्या हिवाळ्यात ती त्या पायरीवरून टोपलीसकट कोसळली. ड्रायव्हर देवमाणूस, त्यानं लगेच गाडी थांबवली. सगळे प्रवासी धावत खाली उतरले आणि त्यांनी चटाचट आधी चिपा उचलले. मग हिला. तिला शेजाऱ्याच्या ट्रकमधून घरी आणलं, तेव्हा मी मनाशी ठरवलं की काहीही होवो, ही टोपली आता खाली ठेवायचीच. तसं मी बोललोही. ती गुडघ्याला कोरफड चोळत बसली होती. म्हणाली, "टोपली खाली ठेवली तर डोक्यावर काय घेऊ? तुम्हाला? तुम्ही तर आहातच."

तर मी अर्ज केला, आणि खात्याची मुलगी गेल्या मंगळवारी येणार असा निरोप आला. आता माझी तयारी ऐक. तू पाठवलेला फ्रीज, टीव्ही, पंखा, फोन आणि ते भिंतीवरचं घड्याळ (बंद आहे, पण दिसतं चालू असल्यासारखं) हे सगळं मी हातगाडीवर घालून आगापितोच्या घरी नेऊन ठेवलं. आगापितो माझा बालमित्र, घर मोठं, एकटा राहतो, आणि कुणाला नाही म्हणत नाही. हा शेवटचा गुण किती घातक असतो, ते पुढे येईलच. शेवटची खेप टाकून मी घामाघूम होऊन परत आलो, तर मला आपलंच घर ओळखू येईना. आमच्या तीन पायांच्या बाकड्याच्या जागी निळ्या मखमलीच्या उंच पाठीच्या चार खुर्च्या. त्या पलीकडच्या कासियानाबाईच्या, तिच्या लेकीच्या लग्नातल्या. टेबलावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक विणीचा पांढराशुभ्र टेबलक्लॉथ. तो चॅपेलमधल्या वेदीवरचा. (चॅपेलची किल्ली लिब्रादाकडे असते हे तुला ठाऊक आहे. संत ब्लास त्या दिवशी उघड्या फळीवर उभा होता.) अंगण झाडलेलं, आंब्याच्या बुंध्याला चुना फासलेला. आणि चुलीवर आमची एकुलती एक कोंबडी! ताई, ती कोंबडी मी मुद्दाम दारात बांधून ठेवली होती, की बघा, आमची सगळी इस्टेट एवढीच. जिवंत असती तर ती आमच्या गरिबीची साक्षीदार होती. आता ती आमच्या श्रीमंतीच्या रश्शात तरंगत होती.

मी डोक्याला हात लावला. "अगं बाई, हे काय केलंस? कोण येणार आहे ठाऊक आहे ना?"

"पाहुणी."

"पाहुणी नव्हे, सरकार! आपली गरिबी बघायला येतेय ती."

"बघू दे की," लिब्रादा म्हणाली. "पण बसून बघू दे. पोरगी राजधानीतून आलेली, ती काय उभ्यानं गरिबी बघेल? आणि उपाशी?"

"म्हणून देवाच्या पायाखालचं काढून आणलंस?"

"त्याच्याकडे कोणी बघायला येणार नाहीये. त्याची पेन्शन मंजूर आहे."

तुझ्या भावजयीची ही सवय तुला माहीत आहे. आपल्या गावाचीच आहे म्हण. घरात दाणा नसला तरी चालेल, पण दारात आलेल्याला तो नाही हे कळता कामा नये. आपली आई नाही का, शेजारीण आली की रिकाम्या पातेल्यात पाणी उकळत ठेवायची? पण आईकडे खात्याची माणसं येत नव्हती, हा फरक लिब्रादा ध्यानात घ्यायला तयार नाही. मी खुर्च्या उचलायला लागलो, तेवढ्यात फाटकाशी टाळ्या वाजल्या.

नोएलिया तिचं नाव. आपल्या लेकीच्या वयाची असेल. बुटांवर लाल मातीची पुटं, हातात पाटीएवढा टॅबलेट, चेहरा उन्हानं टोमॅटोसारखा झालेला. लिब्रादानं तिला खुर्चीवर बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि तेरेरेचा पेला भरून हातात ठेवला. पोरीनं एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि डोळे उघडून पहिलाच प्रश्न विचारला, "काका, घरात फ्रीज आहे?"

"छे!" मी म्हणालो.

"मग हा बर्फ?"

मी लिब्रादाकडे बघितलं. लिब्रादानं छपराकडे बघितलं. (बर्फ आगापितोकडून आणलेला. म्हणजे आमच्याच फ्रीजमधला. नवऱ्यानं लपवलेल्या फ्रीजमधून पाहुणीसाठी बर्फ काढून आणणारी बायको सगळ्या पाराग्वेत दुसरी सापडणार नाही.) मी म्हणालो, "शेजाऱ्याचा." तेवढ्यावर भागलं असतं, पण आपल्याकडे फ्रीज नाही असं पाहुणीला वाटावं, हे लिब्रादाच्या पोटात राहीना. ती म्हणाली, "तसा आहे हो आमचाही. चांगला दोन दारांचा. जरा बाहेर गेलाय."

फ्रीज बाहेर गेलाय! ताई, मी इतका खोकलो की मुलीनं टॅबलेटवर माझ्या छातीचा आजार म्हणून काहीतरी नोंदवलं.

मग जेवण झालं. पोरीनं कोंबडी मनापासून खाल्ली. दुसऱ्यांदा वाढून घेतली, आणि लिब्रादाचा चेहरा असा उजळला जणू पेन्शन मिळालीच. हात पुसताना मात्र ती मुलगी खुर्चीत जरा पुढं-मागं डुलली, खाली वाकली आणि खुर्चीच्या पायाखालचा पुठ्ठा बघून खुदकन हसली. म्हणाली, "काका, सकाळी मी वरच्या आळीत तीन घरं केली. तिन्ही घरांत अशाच निळ्या खुर्च्या होत्या. आणि तिन्ही घरांत मी याच पुठ्ठ्यावर डुलत होते." मग तिनं टेबलक्लॉथचं टोक उचललं. त्यावर मेणबत्तीचे थेंब वाळलेले. "आणि हा तर चॅपेलमधला. तुमच्याकडे वाळून तरी आलाय, मघाच्या घरात नुकताच धुतलेला, ओलाच होता." म्हणजे ताई, आम्हीच तेवढे शहाणे नव्हतो. त्या दिवशी अख्ख्या गावात एकच बैठक फिरत होती. ती मुलगी पुढच्या दारानं निघाली की खुर्च्या मागच्या दारानं निघून तिच्याआधी पुढच्या घरी पोचत होत्या. संत ब्लासनं मिरवणुकीत बघितलं नसेल एवढं गाव त्याच्या कापडानं एका दिवसात बघितलं.

मला मनातून गुदगुल्या झाल्या. खुर्च्या खोडल्या, कापड खोडलं, तिनं टॅबलेटवर सगळं पुसून टाकलं. "आता एवढंच," ती म्हणाली, "एका शेजाऱ्याची साक्ष घेते. तुमची परिस्थिती कशी आहे, एवढं त्यांनी सांगितलं की झालं." शेजारी कुठं शोधायलाच नको होता. कासियानाबाई आपल्या खुर्च्यांवर नजर ठेवून कुंपणाला टेकूनच उभी होती. तिला मी आधी आठवडाभर पढवून ठेवलं होतं, की एवढंच म्हणायचं: यांचं फार हलाखीत चाललंय. तिनं कबूल केलं होतं. देवाची शपथ घेतली होती. पण नोएलियानं सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, हे लोक गरीब आहेत का हो?" आणि कासियानाबाईचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिला शेजाऱ्याच्या तोंडावर थुंकायला सांगितलंय.

"गरीब?" ती म्हणाली. "हे? कोण म्हणतं? अगं पोरी, सोन्यासारखी माणसं आहेत! यांच्या दारातून कोणी कधी रिकाम्या हातानं गेलं नाही. लिब्रादाच्या घरात नुसती रेलचेल! आणि ती भिंत बघ. तो फोटो बघ!"

फोटो! ताई, मी फ्रीज लपवला, टीव्ही लपवला, बंद पडलेलं घड्याळ लपवलं, आणि तुझा फोटो भिंतीवर तसाच राहिला. तोच गं, पोहण्याच्या तलावाच्या काठावर तू उभी आहेस तो.

"ती यांची बहीण," कासियानाबाई सांगत सुटली. "ब्वेनोस आयरेसला असते. तो तिच्या घरचा तलाव. हे स्वतः सांगतात सगळ्यांना! तीच सगळं पाठवते, यांना काय कमी आहे?"

आता तो तलाव कुणाचा, आणि तू त्याच्या काठावर कशासाठी उभी होतीस, हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. पण तूच सांग, भावानं बहिणीबद्दल गावात काय सांगायचं? मी कासियानाबाईला बाजूला ओढून दबक्या आवाजात समजावलं की बाई, तुझ्या या कौतुकापायी आमची पेन्शन चालली. तशी ती दचकली. "अगं बाई! मग आधी सांगायचं ना!" असं म्हणून ती तरातरा परत गेली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "लिहून घे गं पोरी. मघाचं खोड. हा माणूस म्हणजे नुसता आळस. याची कंबर कामालाच दुखते, फुटबॉलच्या मैदानावर माकडासारखा उड्या मारतो. बायको बसला लोंबकळते नि हा आंब्याखाली घोरतो. माझी कुदळ नेलीन् ती अजून दिली नाही. गातो तर असा, की माझ्या गाईनं दूध चोरलं..." मला वाटलं, गरिबीचं वर्णन जरा वेगळ्या अंगानं चाललंय, थांबेल आता. ती थांबली नाही. तिनं इतक्या वर्षांचं शेजारधर्मानं आवरून धरलेलं सगळं सरकारच्या हवाली केलं. लिब्रादा शेजारी उभी राहून मान डोलावत होती. शेवटी नोएलियाच म्हणाली, "आजी, पुरे. आळसासाठी आमच्याकडे रकाना नाही."

जाताना ती एवढंच म्हणाली की बाकी सगळं ठीक आहे, पण परदेशातल्या श्रीमंत बहिणीचं प्रकरण उलगडल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, पुन्हा यावं लागेल. आणि गेली कुठं? आगापितोकडे. त्याचाही अर्ज होता, ताई! सगळ्या गावानं आपापलं सामान त्याच्याकडे लपवलं होतं. मुलीनं दार ढकललं, तर आत पाच फ्रीज, सहा टीव्ही, शिलाई मशीन, मोटरसायकल, आणि या सगळ्यामध्ये आगापितो एका पायावर उभा, कारण दुसरा ठेवायला जागा नव्हती. आजच्या घडीला कागदोपत्री तो या गावातला सगळ्यात श्रीमंत माणूस आहे. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि सामान परत देत नाही. म्हणतो, थंड पाणी मानवतंय.

मी हार मानलेली नाही. ती मुलगी पुन्हा त्याच बसनं येणार, खात्याची बाकीची माणसंही त्याच रस्त्यानं येतात-जातात. तेव्हा आमची काय अवस्था झालीये हे त्यांना दिसावं, म्हणून बुधवारपासून चिपाची टोपली मी स्वतःच्या डोक्यावर घेतली आहे. हो, मी! बसमध्ये चढतो, अगदी करुण चेहरा करून मागपर्यंत जातो. लोक हसतात, पण विकत घेतात. पहाटे उठून चूलही मीच पेटवतो, म्हणजे धूर अंगाला लागून आणखी दीन दिसतो. लिब्रादाला सक्तीनं घरी बसवलं आहे. बिचारीला करमत नसणार.

मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग. कुत्र्याला लांबूनच.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
एलिओदोरो

ता.क. खरं काम राहिलंच. मला तुझ्याकडून एक पत्र हवं आहे, भांडणाचं. तुझा-माझा संबंध संपला, तू मला फुटकी कवडी पाठवत नाहीस, यापुढंही पाठवणार नाहीस, असं स्वच्छ लिही. खात्याला दाखवायचं आहे, तेव्हा खरं वाटायला हवं. शिव्या चालतील. सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला, तर आईच्या शिलाई मशीनपासून कर, तिथं तुझी लेखणी आपोआप धावेल.

ता.क. २. मशीनबद्दल फार खोलात जाऊ नकोस. ते खात्याला दाखवायचं आहे, मला वाचायला लावायचं नाही. आणि मी उलट टपाली त्याच भाषेत उत्तर दिलं तर रागावू नकोस. त्यातलं थोडंच खरं असेल.

ता.क. ३. लिंदाताई, मी लिब्रादा. हे आंब्याखाली झोपलेत आणि पाकीट कसाव्याच्या खळीनं चिकटवायला मला दिलंय, म्हणून चार ओळी माझ्या. ताई, मला करमतंय.

ती मुलगी काल येऊन गेली. हे हायवेवर होते. या वेळी खुर्ची नव्हती, तर चुलीपाशी उलट्या घमेल्यावर बसली नि दोन उकडलेले कंद खाल्ले. मी तिला सगळं खरं सांगितलं, की तो तलाव मालकिणीचा आहे आणि लिंदाताई त्याच्या काठावर तिचं कुत्रं धुतात. वाईट वाटून घेऊ नका. तिनं फोटोवरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाली, "माझी आईपण तिकडेच आहे, काकू. आमच्याही भिंतीवर असाच फोटो आहे. तलाव तेवढा वेगळा." आणि तिथंच बसून तिनं यांचं काम पुरं केलं. पेन्शन मंजूर झाली, ताई. आगापितोभाऊंचीही होईल. तिनं म्हणे त्यांच्याकडचे पाचही फ्रीज उघडून बघितले. पाचांतही नुसत्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

यांना मी अजून बोलले नाही. तुम्हीही बोलू नका. पैसे सुरू होतील तेव्हा कळेलच, आणि ते ईस्टरच्या सुमाराला होतील. तोवर चिपाचे दिवस आहेत, सगळ्यांत जास्त खप याच दिवसांत असतो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच मी बसचा हॉर्न अंथरुणातून ऐकते आहे. हे विकतातही बरं. करुण चेहरा मुद्दाम करावा लागत नाही, मुळातच तसा आहे.

तेव्हा भांडणाचं पत्र जरूर लिहा. चांगलं सणसणीत लिहा, मशीनचं तर लिहाच. पण सावकाश लिहा. घाई काही नाही. मी बसले आहे.